कोच म्हणजे रेल्वेचा डबा, मग खो-खोच्या सरांना कोच का म्हणायचं?

मुंबई-लातूर एक्सप्रेस धाराशिव स्टेशनात शिरायला लागली की प्लॅटफॉर्मवर एकच पळापळ सुरू होते. कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या कडेवर पोरगं आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न. आपला कोच कुठं लागणार? एस-फोर पुढं आहे का मागं?

त्याच शहरात श्री तुळजाभवानी स्टेडियमवर खो-खोची प्रॅक्टिस चालते. तिथंही कोच असतात, पण ते शिट्टी वाजवतात. इथून लातूरच्या रस्त्याला लागलात तर आधी कोचिंग क्लासेसचे फ्लेक्स दिसायला लागतात. हरंगुळच्या बाजूला गेलात तर थेट रेल्वे कोच फॅक्टरी. आणि एखाद्या जुन्या वाड्यात पाहुणा म्हणून गेलात तर आजोबा म्हणणार, "बसा की, कोचावर बसा."

म्हणजे दीड-दोन तासांच्या अंतरात पाच कोच झाले. आता प्रश्न असा की हे सगळे एकमेकांचे नातेवाईक आहेत, की नुसतेच नावबंधू?

तर भिडू, यातले चार एकाच घरातले आहेत आणि एक उपरा आहे. उपरा म्हणजे दिवाणखान्यातला कोच. तो इंग्रजीत काउच, तो आला फ्रेंचमधून, मूळ अर्थ आडवं होणं. मराठीत येताना त्याचा उच्चार घसरला आणि तो कोच होऊन बसला. त्याचा पुढच्या गोष्टीशी काही संबंध नाही, म्हणून त्याला तिथंच बसू देऊ.

बाकीच्या चार जणांचं मूळ एका गावात आहे. आणि त्या गावाचं नावच कोच आहे.

गावाचं नाव कोच

हे गाव आहे हंगेरी देशात, राजधानी बुडापेस्टच्या पश्चिमेला. स्पेलिंग आहे के, ओ, सी, एस. आपण वाचायला गेलो तर 'कोक्स' म्हणू. पण हंगेरियन भाषेत सी आणि एस जोडून आले की उच्चार होतो 'च'. म्हणजे गावाचं नाव जवळपास आपण म्हणतो तसंच, कोच.

पंधराव्या शतकात मात्याश कोर्विनस हा हंगेरीचा राजा होता. बुडा ते व्हिएन्ना हा त्या काळातला मोठा रहदारीचा रस्ता आणि कोच हे त्या रस्त्यावरचं गाव. गावात गाड्या बनवणारे कारागीर होते. त्यांनी जी घोडागाडी बनवली ती त्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा हलकी होती, वेगाने पळायची आणि लांबच्या प्रवासात माणसाचं अंग कमी खिळखिळं करायची. बघता बघता आजूबाजूच्या देशांतल्या लोकांना तशीच गाडी हवीशी वाटायला लागली.

मग त्या गाडीला म्हणायचं काय? हंगेरियन लोकांनी जे केलं ते मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. पैठणची ती पैठणी. कोल्हापूरची ती कोल्हापुरी. गावाच्या नावाला 'ई' लावली की वस्तू तयार. हंगेरियनमध्येही अगदी हाच प्रत्यय आहे. कोच गावची गाडी ती 'कोची'. पुढं 'गाडी' हा शब्द गळून पडला आणि नुसती 'कोची' उरली. आपण तरी कुठं 'पैठणी साडी' म्हणतो? पैठणी म्हटलं की साडी आलीच.

हंगेरीत आजही रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीला 'कोची' म्हणतात. जर्मनांनी त्याचं 'कुत्शे' केलं, फ्रेंच आणि स्पॅनिश लोकांनी 'कोचे'च्या जवळपास जाणारे उच्चार केले. स्पेनमध्ये तर आज साध्या कारला हाच शब्द वापरतात. इंग्लंडमध्ये तो सोळाव्या शतकाच्या मध्यावर पोहोचला आणि 'कोच' झाला. म्हणजे इंग्रजांनी शब्द फिरवून फिरवून शेवटी मूळ गावाच्या उच्चारावरच आणून ठेवला.

इथपर्यंत कोच म्हणजे चार चाकं, घोडे आणि वर बसलेला गाडीवान. माणसाचा आणि खेळाचा संबंध नाही.

परीक्षेतून पार नेणारी गाडी

संबंध आला तो कॉलेजच्या पोरांमुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं इंग्लंड. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये मोठ्या घरची पोरं शिकायला असायची. अभ्यासात सगळेच हुशार असतील असं नाही. परीक्षा जवळ आली की मग धावपळ. अशा वेळी पैसे मोजून खासगी शिक्षक लावायची पद्धत होती. हा शिक्षक नेमकं काय येणार, काय वाचायचं, उत्तर कसं लिहायचं हे घोटून घ्यायचा आणि पोराला परीक्षेच्या पलीकडे नेऊन सोडायचा.

पोरांनी त्याला नाव ठेवलं, कोच. साधारण १८३० च्या आसपास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या बोलीत हा अर्थ रुळला असं मानलं जातं. त्यामागची गंमत समजायला सोपी आहे. लंडनहून ऑक्सफर्डला यायचं तर कोचमध्ये बसायचं, आपण काही करायचं नाही, गाडी नेऊन सोडते. परीक्षेतही तसंच. या मास्तरात बसायचं, तो नेऊन सोडतो. कौतुक कमी, टिंगल जास्त असा हा शब्द होता. ज्याला स्वतःच्या पायांनी चालत जाता येत नाही त्याला गाडी लागते, हा त्यातला खोचक भाग.

पण पुढं या टिंगलीला प्रतिष्ठा मिळाली, आणि ती केंब्रिजमध्ये. तिथली गणिताची ट्रायपॉस परीक्षा भयंकर अवघड. तिच्यात पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणायचे आणि जो पहिला येईल तो सीनियर रँग्लर. ही परीक्षा नुसत्या कॉलेजच्या तासांवर काढणं जवळपास अशक्य होतं, म्हणून कोच लावायची रीतच पडली. एडवर्ड राउथ नावाच्या एका कोचच्या हाताखालून दोन डझनांहून जास्त सीनियर रँग्लर बाहेर पडले. आज एखाद्या क्लासच्या फ्लेक्सवर टॉपर्सचे फोटो असतात ना, तसा फ्लेक्स लावायची सोय तेव्हा असती तर राउथ साहेबांना केंब्रिजची भिंत पुरली नसती.

रँग्लर हा शब्द मराठी घरांत माहीत आहे तो रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर आयुष्यभर त्यांच्या नावाआधी 'रँग्लर' लागलं ते लागलंच.

मुद्दा असा की कोचिंग क्लासचा कोच हा मैदानावरच्या कोचपेक्षा वयाने मोठा आहे. आपल्याला वाटतं की क्लासवाल्यांनी खेळातला शब्द उचलला. झालंय बरोबर उलटं. आधी गाडी, मग परीक्षा आणि शेवटी खेळ.

खेळात तो शिरला नदीवरून. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यात १८२९ मध्ये पहिली बोटींची शर्यत झाली आणि पुढं ती दोन्ही विद्यापीठांच्या इज्जतीचा प्रश्न बनली. मग वल्हवणाऱ्या पोरांना तयार करणारा माणूस आला. पोरं नदीत वल्ही मारतायत आणि हा काठावरून घोड्यावर बसून त्यांच्या बरोबरीने दौडत ओरडतोय, असं ते दृश्य असायचं. विद्यार्थी तेच, बोली तीच, म्हणून नावही तेच चिकटलं. खेळाच्या संदर्भात हा शब्द १८६१ पासून लेखी सापडतो, आणि तोही बोटींच्या शर्यतीच्याच निमित्ताने. तिथून तो क्रिकेट, फुटबॉल, अमेरिकेत बेसबॉल असा पसरत गेला.

मग रेल्वेच्या डब्याला कोच का म्हणतात?

ती याच झाडाची दुसरी फांदी. लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे १८३० ला सुरू झाली. त्या वेळी प्रवासी डबा कसा असावा हे कुणालाच माहीत नव्हतं. माहीत होती ती घोडागाडी. त्यामुळे सुरुवातीचे वरच्या वर्गाचे डबे अक्षरशः दोन-तीन घोडागाड्यांचे सांगाडे एकाला एक जोडल्यासारखे दिसायचे. दिसायला कोच, म्हणून नाव कोच. घोडे गेले, नाव राहिलं.

आपल्याकडं १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तेव्हा तिला चौदा डबे होते. इंग्रजांचा कोच किंवा कॅरेज मराठी माणसाने 'डबा' करून टाकला आणि तो शब्द इतका फिट बसला की आजही दुपारच्या जेवणाला आणि रेल्वेला एकच शब्द पुरतो. घोडागाडीचा कोच मात्र वेगळ्या वाटेने आला. साहेबाची बग्गी हाकणारा कोचमन आपल्याकडं 'कोचवान' झाला. गाडीवान, बागवान यांच्या पंक्तीत तो असा जाऊन बसला की तो मूळचा इंग्रजी आहे हे सांगूनही खरं वाटत नाही.

जाता जाता बोगीचं सांगायला हवं. आपण डब्याला सर्रास बोगी म्हणतो. रेल्वेवाल्यांच्या भाषेत बोगी म्हणजे डब्याच्या खालचा चाकांचा सांगाडा. एका कोचखाली अशा दोन बोग्या असतात. म्हणजे "आमची बोगी पुढं आहे" म्हणणारा माणूस खरं तर चाकांवर बसून प्रवास करतोय. आणि रेल्वेत 'कोचिंग डेपो' असतो, तिथं डबे धुतात आणि दुरुस्त करतात. नीटच्या तयारीशी त्याचा काही संबंध नाही.

धाराशिवला मात्र हा रेल्वेवाला कोच बराच उशिरा मिळाला. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १८९७ ला कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत आली आणि १९११ पर्यंत लातूरला पोहोचली. ती येडशी, ढोकी अशा गावांतून गेली, पण जिल्ह्याच्या शहराला तिने वळसा घातला. शहरात स्टेशन झालं ते रूळ ब्रॉडगेज करताना मार्ग बदलला तेव्हा, म्हणजे एकविसाव्या शतकात. तोवर इथल्या लोकांना गाडी पकडायची तर आधी एसटी पकडावी लागायची.

पण खेळातला कोच इथं त्याच्या आधीच तयार झाला होता.

वस्ताद होते, मग कोच कशाला?

मराठीला शिकवणाऱ्या माणसासाठी शब्द नव्हता असं अजिबात नाही. कुस्तीत वस्ताद आहेत. हा मूळचा फारसी उस्ताद. पुढं त्याचा दुसरा अर्थही निघाला, "लई वस्ताद आहे गडी" म्हटलं की कौतुक आणि सावधगिरी दोन्ही आलं. वस्ताद जिथं शिकवतात ती तालीम. आता तालीम हा अरबी शब्द आणि त्याचा मूळ अर्थ आहे शिकवणं. म्हणजे आधी क्रियेला तालीम म्हणायचे, मग ती क्रिया जिथं चालते त्या लाल मातीच्या खोलीलाच तालीम म्हणायला लागले. नाटकवाल्यांनीही तोच शब्द घेतला. १९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता आणि कारभाराची भाषा उर्दू, त्यामुळे असे शब्द मराठवाड्यात घरचेच.

वर्तमानपत्रांनी 'प्रशिक्षक' आणला. सरकारने 'क्रीडा मार्गदर्शक' आणला, क्रीडा खात्यात याच नावाचं पद असतं. केंद्र सरकारने तर थेट महाभारतात हात घातला. कोचसाठीचा सगळ्यात मोठा पुरस्कार द्रोणाचार्यांच्या नावाने, १९८५ पासून. पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. एकलव्याला शिकवायला नकार देऊन वर त्याचा अंगठा मागणाऱ्या गुरूचं नाव या पुरस्काराला का दिलं असावं, हा प्रश्न दरवर्षी पुरस्कार जाहीर झाले की कुणी ना कुणी विचारतंच. आणि प्रश्न चुकीचाही नाही.

गंमत कर्णधार या शब्दातही आहे. कॅप्टनला मराठीत आपण कर्णधार म्हणतो. संस्कृतात कर्ण म्हणजे होडीचं सुकाणू सुद्धा, आणि ते धरणारा तो कर्णधार. म्हणजे मराठी क्रीडा पानावर टीमचा कॅप्टन हा नावाडी आहे आणि टीमचा कोच ही घोडागाडी आहे. दोघंही प्रवासाच्या धंद्यातले.

मैदानावर मात्र यातलं काहीच कुणी म्हणत नाही. तिथं एकच शब्द चालतो, सर. आचरेकर शिवाजी पार्कावर सचिनसाठीही सरच होते. एखादी खो-खोची पोरगी आपल्या कोचला हाक मारताना "प्रशिक्षक" म्हणेल, ही कल्पनाच करवत नाही.

'मार्गदर्शक' आणि 'कोच' यांत एक फरक आहे तो इथं लक्षात घेण्यासारखा. मार्गदर्शक वाट दाखवतो, चालायचं तुम्ही. कोच हा शब्द मुळात वाट दाखवणाऱ्याचा नाहीच. गाडी हाकणाऱ्याचाही नाही, त्याला कोचवान म्हणतात. कोच म्हणजे खुद्द गाडी. जिच्यात बसून माणूस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो ती.

सारिका काळेची गोष्ट

हा फरक शब्दकोशापुरता आहे की खरा, ते बघायचं तर धाराशिवच्या खो-खोकडं बघावं.

खो-खो हा इथल्या मातीतला खेळ. त्याचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्यावर १९१४ मध्ये बांधले गेले. खो, खांब, साखळी, हुलकावणी, सूर मारणं, गडी टिपणं असे त्याचे शब्दही बहुतेक मराठी. बूट, महागडी बॅट, टर्फ असलं काही लागत नाही. दोन खांब रोवले, रेषा आखल्या की मैदान तयार. म्हणूनच ज्या घरात खेळावर खर्च करायला पैसे नाहीत त्या घरातली पोरं खो-खोत दिसतात. पण खेळ स्वस्त असला तरी खेळाडू स्वस्तात तयार होत नाही. पोट भरलेलं नसेल तर सूर मारता येत नाही.

सारिका काळे ही अशाच घरातली. तेराव्या वर्षी ती मैदानावर आली. घरची परिस्थिती अशी की जवळपास दहा वर्षं दिवसाला एकच वेळ जेवण मिळायचं, हे तिने पुढं स्वतःच सांगितलं. शिबिराला किंवा स्पर्धेला बाहेर गेली की तेवढे दिवस काय ते वेगळं. असं असूनही ती भारतीय संघापर्यंत पोहोचली. २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या, तिथं भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकलं आणि कर्णधार होती सारिका काळे.

त्याच वर्षी ती खेळ सोडायला निघाली होती.

कारण तेच, पैसा. देशाची कर्णधार असली तरी घरातली ओढाताण संपली नव्हती आणि खो-खोतून पोट भरेल याची काही खात्री दिसत नव्हती. तिचे कोच चंद्रजित जाधव. धाराशिवमध्ये खो-खो रुजवणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं, संघटनेतही त्यांनी पदं सांभाळली. सारिका खचली होती, तिने खेळ सोडायचं ठरवलं होतं आणि समजूत घातल्यावर ती परत मैदानावर आली, हे त्यांनीच नंतर सांगितलं. तोच तिच्या आयुष्यातला वळणाचा क्षण ठरला, असं त्यांचं म्हणणं.

आता यात खेळाचं तंत्र कुठं आहे? सूर कसा मारायचा, खांबाजवळ गडी कसा गाठायचा, संरक्षणात वेळ कसा काढायचा, हे सगळं तिला तोवर येतच होतं. ते शिकवायला कुणाची गरज नव्हती. गरज होती ती अर्ध्या वाटेत उतरायला निघालेल्या माणसाला उतरू न देण्याची.

पुढं तिला राज्य सरकारची नोकरी मिळाली, तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार तब्बल बावीस वर्षांनी आला होता, त्याआधीचा १९९८ चा. या बावीस वर्षांत खो-खोपटू तयार झाले नव्हते असं नाही. त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला. महिलांच्या फायनलमध्ये भारताने नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या टीममध्ये धाराशिवची अश्विनी शिंदे होती. एका जिल्ह्यातून पुन्हा पुन्हा भारतीय संघात पोरी जातात तेव्हा तो योगायोग नसतो. तिथं रोज संध्याकाळी मैदानावर हजर असणारं कुणीतरी असतं. सामना सुरू झाल्यावर या माणसाला आत पाऊल टाकता येत नाही. त्याचं जे काही काम असतं ते आधीच करून ठेवलेलं असतं.

कोच, ट्रेनर, मॅनेजर: एकच की वेगळे?

हे तिन्ही शब्द बातम्यांत एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण काम वेगळं आहे. कोच खेळ शिकवतो आणि डावपेच ठरवतो. ट्रेनर शरीर घडवतो, म्हणजे फिटनेस, धावणं, ताकद. मॅनेजर तिकिटं, हॉटेल, कागदपत्रं बघतो. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये मात्र मॅनेजर म्हणजेच मुख्य कोच, तिथं गोंधळ होतो.

आपल्या क्रिकेट टीमचं बघा. १९८३ चा वर्ल्डकप जिंकला तेव्हा सोबत मॅनेजर होते पी. आर. मानसिंग, कोच नव्हताच. कपिल देव आणि सीनियर खेळाडू मिळून काय ते ठरवायचे. आज टीमच्या मागं बॅटिंगचा वेगळा, बॉलिंगचा वेगळा, फिल्डिंगचा वेगळा असे कोच असतात. घोडागाडीची मालगाडी झाली.

ट्रेनर या शब्दाचीही एक गंमत. त्याचं मूळ फ्रेंचमधल्या ओढणं, खेचत नेणं या अर्थाच्या शब्दात आहे. इंजिन डब्यांची रांग खेचत नेतं म्हणून ती ट्रेन. झाडाच्या फांद्यांना ओढून-ताणून वळण लावायचे त्यालाही ट्रेन करणं म्हणायचे, तिथून माणसाला वळण लावणारा ट्रेनर आला. म्हणजे एकाचं नाव डब्याचं आणि दुसऱ्याचं आख्ख्या गाडीचं.

अलीकडं लाइफ कोच, बिझनेस कोच, डाएट कोच असे नवे प्रकार इन्स्टावर उगवलेत. यातल्या कित्येकांकडं डिग्री नाही, परवाना नाही, कारण अशा कोचसाठी तो लागतच नाही. खेळाचं तसं नाही. तिथं पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा हा नोकरीचा मुख्य दाखला मानला जातो. ही संस्था १९६१ पासून आहे आणि मैदानावर तिला सगळे एनआयएस या नावाने ओळखतात. फी भरण्याआधी समोरचा कोच कोणत्या जातीचा आहे, म्हणजे गाडी आहे की नुसता फ्लेक्स, एवढं विचारून घ्यावं.

आणि लातूर?

लातूर १९८२ च्या ऑगस्टपर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं, मग वेगळं झालं. उस्मानाबादचं धाराशिव व्हायला २०२३ उजाडलं. वेगळं झालेल्या या भावाने कोच शब्दाचे उरलेले दोन्ही अर्थ आपल्याकडं खेचून घेतले.

एक लातूर पॅटर्न. राजर्षी शाहू आणि दयानंद कॉलेजच्या बोर्डातल्या निकालांमुळे हे नाव गाजलं. मग भोवती क्लासेस उभे राहिले, हॉस्टेल आली, मेस आल्या. धाराशिव, बीड, नांदेडकडची पोरं डॉक्टर-इंजिनीअर व्हायचं म्हणून तिथं खोली करून राहतात. नीट असो नाहीतर जेईई, काम तेच जे केंब्रिजमध्ये राउथ करत होते. घोटून घ्यायचं आणि परीक्षेच्या पलीकडे नेऊन सोडायचं. कोच शब्दाचा जुना, विद्यार्थ्यांच्या टिंगलीतला अर्थ जसाच्या तसा आज कुठं जगतोय असं कुणी विचारलं, तर लातूरचं नाव घ्यायला हरकत नाही.

दुसरी हरंगुळची मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरी. भूमिपूजन ३१ मार्च २०१८ ला झालं आणि पहिल्या डब्याचा सांगाडा २५ डिसेंबर २०२० ला बाहेर पडला. पुढं १२० वंदे भारत स्लीपर गाड्या बनवायचं काम या कारखान्याशी जोडलं गेलं, त्यात रशियन कंपनीची भागीदारी आहे. कारखान्यात स्थानिक पोरांना किती नोकऱ्या मिळणार, यावर दोन्ही जिल्ह्यांत अजून चर्चा चालते.

तेव्हा यापुढं कुणी लातूरला जाऊन "कोच बनायचंय" म्हणालं, तर आधी विचारून घ्या. तिथं जाऊन कोचकडं शिकता येतं, कोच बनवता येतो आणि धाराशिवला परत यायचं तर कोचमध्ये बसावंही लागतं. शिट्टी गळ्यात घालून मैदानावर उभा राहणारा कोच बघायचा असेल, तर मात्र गाडीतून धाराशिवलाच उतरायचं.